अंगण वाकडे असल्याबाबत

सदर इसम: पुरुष. वय: सत्तरी ओलांडून बरेच पुढे गेलेला, परत फिरण्याची चिन्हे नाहीत. बांधा: सडपातळ. वर्ण: जुन्या पितळेसारखा, पुसल्यास उजळणारा. व्यवसाय: काटे दुरुस्त करणे. ओळखीची खूण: सकाळच्या प्रहरी सरळ उभे राहण्यास फर्मावले असता किंचित डावीकडे झुकलेला आढळतो. दुपारनंतर तोच इसम उभा केला असता ओळंब्यात आढळतो. दोन्ही वेळी विचारणा केली असता आपण सरळच आहोत, असे उत्तर मिळते. झुकाव असलाच तर तो उभे राहण्याच्या जागेत आहे, असे इसमाचे म्हणणे असून त्यास पुरावा नाही.

ही भाषा ज्यांना पचत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर गल्लीत त्यांना काटेकाका म्हणतात. हे आडनाव नव्हे. काटे गुलाबाचे नव्हेत, घड्याळाचे नव्हेत आणि लोक एकमेकांचे काढतात तेही नव्हेत. वजनाचे. दांडीचे, पारड्यांचे, पितळी, लोखंडी, किराणा दुकानातले धटिंगण आणि सोनाराच्या काचपेटीतले लाजरे. जे पारडं उगाच खाली बसतं त्याला उठवायचं आणि जे उगाच वर जातं त्याला जमिनीवर आणायचं, हा काकांचा जन्मभराचा उद्योग. बॅटरीवर चालणारे काटे आल्यापासून धंद्यातली बरीचशी हवा गेली. तरी जुन्या वळणाचे काही सोनार आणि औषधवाले अजून त्यांच्याकडेच येतात, कारण बॅटरीचा काटा चुकला की फेकून द्यावा लागतो आणि दांडीचा काटा चुकला की काकांच्या शिव्या फुकट ऐकायला मिळतात.

कारखाना घरातच, वरच्या मजल्यावरच्या एकुलत्या एका खोलीत. काका दुपारी तिथे कामाला चढतात ते रात्रीच उतरतात. टेबल, खिडकी, भिंतीवर टांगलेल्या दांड्या आणि शांतता. या धंद्याचं खरं भांडवल ती शांतता. नाजूक काट्याची सुई शून्यावर यायला वेळ घेते, आणि ती येत असताना कुणी शिंकलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. त्या खोलीत वारासुद्धा दार वाजवून येतो.

काकांचा धंद्यातला एकच सिद्धांत होता. काटा चुकला की काट्याला दोष देऊ नये, आधी टेबल बघावं. कितीतरी दुकानदार हातघाईवर येऊन सांगत, की तुमच्या काट्याने आमचं दिवाळं काढलं. काका जात, गल्ल्यावरच्या टेबलाचा एक पाय आखूड निघे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली की काटा पुन्हा हरिश्चंद्र. सिद्धांत उत्तम होता. फक्त तो माणसांनाही लागू करायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

घरात चार माणसं. काकांच्या पत्नी शाळेत मुलींना कवायत शिकवून निवृत्त झाल्या, म्हणून गल्ली त्यांना कवायतबाई म्हणते. या बाईंसमोर छत्रीसुद्धा ताठ उभी राहते. सूनबाई काचसामानाच्या कारखान्यात माल तपासतात. जे फुटू शकतं ते फुटणारच, या श्रद्धेवर त्यांना पगार मिळतो आणि घरीही त्या ती श्रद्धा सोडत नाहीत. चौथा म्हणजे मुलगा. तो प्रत्येक चर्चेत भाग घेतो. त्याचं वाक्य "मी काय म्हणतो" असं सुरू होतं आणि तिथेच संपतं, कारण तोवर निर्णय झालेला असतो.

प्रकरणाला तोंड फुटलं ते फ्रिजपाशी. एका सकाळी काका बाथरूममधून बाहेर पडले आणि जेवणाच्या टेबलाकडे निघाले. निघाले टेबलाकडे, पोचले फ्रिजकडे. आणि नुसते पोचले नाहीत, तर परदेशाहून आलेल्या भावाला भेटावं तशी त्याला कडकडून मिठी मारली.

"बाबा, हे काय?" सूनबाईंनी विचारलं.

"काही नाही. दूध आहे का बघत होतो."

"मिठी मारून?"

"थंड आहे का तेही बघत होतो."

त्याआधी ते चपलांच्या कपाटाला भेटले होते, पडद्याला भेटले होते, आणि एकदा तर जिन्यातच कठड्याची गळाभेट झाली होती. सगळे नातेवाईक डावीकडचेच. सूनबाईंनी हातातला कप खाली ठेवला. फुटणारी वस्तू हातात घेऊन त्या कधी महत्त्वाचं बोलत नाहीत.

"आता जिना बंद. तुमचं टेबल खाली आणायचं, स्वयंपाकघरामागच्या खोलीत."

"तिथे वॉशिंग मशीन आहे."

"मग? ते काय चावतं?"

"ते पिळतं," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरी भीती होती. मशीन कपडे पिळायला लागलं की त्या खोलीतल्या बादल्या एकमेकींशी बोलायला लागत. तिथे सुई शून्यावर यायची म्हणजे वरातीत ध्यान लावायचं. टेबल खाली आलं तर दुरुस्ती संपली. उरतील ती फक्त टांगलेली पितळं. सूनबाईंना त्यांचा जीव वाचवायचा होता. काकांना तो कशासाठी वाचवायचा, एवढाच प्रश्न होता.

"मी काय म्हणतो," मुलगा म्हणाला.

"बाहेरच्या माणसाला ठरवू द्या," कवायतबाई म्हणाल्या. "तो फिजिओ आहे ना, कोपऱ्यावरचा? त्याला घरी बोलवा. तोल बरा आहे म्हणाला तर यांचं टेबल वर. नाही म्हणाला तर खाली. मग कुणी कुरकुरायचं नाही. विश्राम."

सूनबाईंनी त्याला रविवारी सकाळी बोलावलं.

"सकाळी नको," काका घाईघाईने म्हणाले. "सकाळ माझा काटा मारते."

काटा मारणं म्हणजे वजनात लबाडी करणं. दुकानदार किलोच्या भावात पाऊण किलो देतो, तशी सकाळ त्यांना पाऊण तोल देते, असं त्यांचं म्हणणं. दुपारी बोलवा, संध्याकाळी बोलवा, खांबावर चढवा हवं तर. सूनबाई म्हणाल्या, पडायचं असेल तेव्हा माणूस घड्याळ बघत नाही; परीक्षा ज्या विषयात कच्चं त्याच विषयाची घेतात.

आता काकांनी धंद्यातली अक्कल कामाला लावली. काटा चुकतोय, काट्याला दोष देऊ नये, टेबल बघावं. इथे काटा म्हणजे ते स्वतः. टेबल म्हणजे घर. तेव्हा घर कललेलं आहे, आणि तेही फक्त सकाळी. उन्हाने एक भिंत फुगते आणि दुपारपर्यंत दुसरीही फुगून तिच्या बरोबरीला येते, असं शास्त्रही त्यांनी ताबडतोब तयार केलं. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर ते मांडलं. सूनबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नाचता येईना," त्या म्हणाल्या, आणि उरलेली म्हण वाया घालवली नाही.

काकांनी वरून पाणसळ आणली. गवंडी लोक भिंत समपातळीत आहे का ते बघायला वापरतात ती पट्टी. आतल्या काचनळीतला बुडबुडा मधोमध थांबला की समजायचं, सगळं ठीक. ती त्यांनी बाथरूमच्या दारात ठेवली. बुडबुडा मधोमध. जेवणाच्या टेबलाखाली ठेवली. बुडबुडा मधोमध. फ्रिजच्या पायाशी ठेवली आणि खाली वाकून पाहिलं तेव्हा बुडबुडा मधोमध होता आणि काका फ्रिजच्या पलीकडे.

"पाणसळ बिघडली," ते म्हणाले.

यावर कवायतबाईंनी फक्त डोळे मिटले.

पाणसळ गेली म्हटल्यावर घरात विश्वासार्ह यंत्र एकच उरलं. काका पहाटे उठायचे, खुर्चीत बसायचे, आणि अंग डावीकडे गेलं की खुर्चीच्या डाव्या पायांखाली पुठ्ठा सारायचे. मग पुन्हा बसायचे. जमलं की पुढची खुर्ची. टेबल, पलंग, सोफा, अगदी बाथरूमच्या दारातल्या पायपुसण्याखालीसुद्धा डाव्या अंगाला एक जाडजूड घडी गेली. आमटीसारखं जे काही पातळ असे ते रोज टेबलाच्या उजव्या टोकाला बसणाऱ्या मुलाच्या अंगावर सांडू लागलं. त्याने तक्रार करायचा प्रयत्न केला. तो किती पुढे गेला हे सांगायला नको. दुपारी काकांना घर उजवीकडे गेल्याचं जाणवायचं, मग ते सगळे पुठ्ठे काढायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायचे. सकाळी घर काट्यावर आणायचं आणि दुपारी पुन्हा उतरवायचं, एवढी चाकरी कुठल्या सोनाराच्या काट्याचीही कुणी केली नसेल.

पुठ्ठ्यांनी भागेना तेव्हा त्यांनी पासंग घेतला. काट्याचं एक पारडं जात्याच हलकं असलं तर त्याला शिशाचा बारीकसा तुकडा बांधतात, तो पासंग. काका डावीकडे जड, म्हणून त्यांनी उजव्या खिशात एक पितळी वजन टाकलं. पायजमा जुना, नाडी त्याहून जुनी. दारात पेपरवाला आला होता. काकांनी पैसे द्यायला दोन्ही हात पुढे केले आणि पासंगाने आपलं काम चोख बजावलं. पेपरवाला सभ्य होता. तो म्हणाला, "काका, पेपरात तसं काही विशेष नाही आज," आणि गेला.

"एवढंच बाकी होतं," कवायतबाई म्हणाल्या.

"तोल साधतोय."

"आधी पायजमा साधा."

या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट नित्यनेमाने चालू होती. रोज संध्याकाळी कवायतबाई चहा घेऊन जिना चढून वर यायच्या, आणि रोज काका कपाकडे बघून कुरकुरायचे, "चहा बशीत आणि कपात नुसता वास. अगं, भरून देत जा की." त्या म्हणायच्या, "बशीतला काय वाया जातो? ओतून घ्या." ते ओतून घ्यायचे. संसारात काही भांडणं इतकी जुनी असतात की त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

परीक्षा जवळ आली तसा काकांना शेवटचा उपाय सुचला. फिजिओला दुपारी बोलावता येत नसेल तर दुपारच सकाळी बोलवावी. परीक्षेच्या दिवशी ते इतरांच्या दृष्टीने रात्र होती तेव्हा उठले. कोंबड्यालाही जे जमत नाही ते त्यांनी केलं: अंधारात नाश्ता, उजाडताना जेवण, आणि इतर जग दात घासत असताना त्यांची भर दुपार झाली. हिशेब बिनचूक होता. फक्त भर दुपारी, पोटभर जेवून आणि अपुऱ्या झोपेवर माणसाला जे होतं तेच त्यांना झालं. ते खुर्चीत बसल्या बसल्या घोरू लागले. इतकी मेहनत करून ओढून आणलेली दुपार झोपेतच संपली, आणि दाराची घंटा वाजली तेव्हा ते दचकून उठले ते पुन्हा सकाळीच.

फिजिओ तरुण होता, तुकतुकीत होता, आणि जग व्यायामाने सुधारेल असं मानणारा होता. "काय आजोबा, कसं वाटतंय?" म्हणत तो खुर्चीत बसला आणि हळूहळू उजवीकडे निघाला. त्याने स्वतःला सावरलं. टेबलावर पेन ठेवलं. पेन उजवीकडे गेलं. त्याने पेन उचलून पुन्हा ठेवलं. पेनाने आपलं मत बदललं नाही. घरातली चारही माणसं या गोष्टींना इतकी सरावली होती की कुणी काही बोललं नाही, आणि आपल्या एकट्यालाच हे होतंय असं वाटून तो गप्प बसला.

"आजोबा, एका पायावर उभं राहायचं. मी आधी दाखवतो. हे पायपुसणं बरंय, मऊ आहे, पडलं तरी लागायचं नाही."

तो पायपुसण्यावर उभा राहिला, एक पाय उचलला, सगळ्यांकडे बघून हसला आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने उजवीकडे कपडे वाळत घालायच्या स्टँडवर गेला. स्टँड आणि तो मिळून खाली बसले. सूनबाईंची ओली चादर त्याच्या डोक्यावरून खांद्यापर्यंत आली.

काका वाकून, आस्थेने, धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला विचारावं तसं म्हणाले, "तुमचाही सकाळीच जातो का?"

मग काका त्याच पायपुसण्यावर चढले आणि एक पाय उचलून बगळ्यासारखे उभे राहिले. हलेनात. डुलेनात. चादरीतून डोकं काढून फिजिओ बघतच राहिला. "उत्तम!" तो म्हणाला. काका विजयी मुद्रेने सुनेकडे बघू लागले आणि सूनबाई पायपुसण्याकडे. काच तपासणाऱ्याच्या नजरेला उंचवटा लपत नाही.

"बाबा, जरा खाली उतरा." त्यांनी पायपुसणं उचललं. "हे काय?"

"दुरुस्ती," काका म्हणाले.

"आता फरशीवर उभे राहा."

काका फरशीवर उभे राहिले. एक पाय उचलला आणि फ्रिजला भेटले.

"आई, तुम्ही दाखवा हो," सूनबाई म्हणाल्या. कवायतबाई पुढे आल्या, टाचा जुळवल्या, एक पाय उचलला आणि शाळेचा झेंडा फडकेपर्यंत उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. वर फिजिओला म्हणाल्या, "पोट आत." त्याने पोट आत घेतलं.

निकाल सरळ दिसत होता. काकांचा चेहरा वजन काढून घेतलेल्या पारड्यासारखा झाला. पण फिजिओ प्रामाणिक होता, आणि नुकताच पडलेला होता. ही दोन्ही कारणं माणसाला न्यायी बनवतात.

"एका वेळी बघून मी सांगणार नाही," तो म्हणाला. "काहींचं अंग सकाळी आखडलेलं असतं, उठल्या उठल्या तोल कच्चा असतो. काहींचं उलटं, दिवसभर दमून संध्याकाळी जातो. यावर आमच्याच लोकांचं एकमत नाही. मी संध्याकाळी परत येतो. तेवढे पुठ्ठे मात्र काढा."

संध्याकाळी काकांनी हट्टाने परीक्षा वरच्या खोलीत द्यायचं ठरवलं. जिना ते टकटक चढले. फिजिओ मागून हात पसरून चढत होता आणि ते पसरलेले हात उगाचच रिकामे राहिले. वर जाऊन काका टेबलापाशी एका पायावर उभे राहिले. नुसते राहिले नाहीत. तसंच उभं राहून सोनाराच्या काट्याची साखळी आकड्यात अडकवली, पारडं पुसलं, आणि सोनार किती अडाणी आहे हे समजावून सांगितलं. दुसरा पाय हवेत कंटाळला. फिजिओला मात्र का कोण जाणे, टेबलाची कड धरून उभं राहावंसं वाटत होतं. सकाळच्या पडण्याचा धसका असेल, असं त्याने मनाशी म्हटलं.

"पास," तो म्हणाला. "सकाळी उठल्यावर जरा वेळ पलंगावर बसा, मग उठा, आणि जिना दुपारनंतर चढा. एवढं पाळलंत तर वर काम करायला माझी हरकत नाही."

सूनबाई शब्दाच्या पक्क्या. "ठीक आहे. टेबल वर," त्या म्हणाल्या. काकांनी आनंदाने पाय खाली ठेवला आणि दुसरा वर केला, कारण आता काय, हौस.

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. कप बशीवर वाजत होता. खालच्या पायरीवर टिकटिक, मधल्या पायरीवर खणखण, वरच्या पायरीवर थंडीत दात वाजावेत तसा. हा आवाज काका रोज ऐकत आले होते. आज खोलीत सगळे गप्प होते म्हणून तो प्रथमच सगळ्यांना ऐकू आला.

कवायतबाई दारात आल्या. तबकात कप होते आणि चहा बशांत होता. त्यांनी तबक टेबलावर ठेवलं, टेबल धरलं, आणि ते सोडलं नाही.

"काकू," फिजिओ म्हणाला, "एक पाय उचला बघू."

"सकाळी उचलला की."

"आत्ता उचला."

"आत्ता कशाला? संध्याकाळी शाळा सुटलेली असते."

 बाईंच्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर पांढरी झाली होती. काका बशीकडे बघत होते. गुंजेचा फरक ज्यांच्या डोळ्यांतून सुटत नसे, त्यांनी रोज अर्धा कप चहा उणा भरलेला बघितला होता आणि देणाऱ्याला बोल लावला होता. काट्याला दोष दिला होता. टेबल बघितलं नव्हतं.

"कधीपासून गं?" त्यांनी विचारलं.

"बशीतला चहा पिताय तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"कधी बोलू? सगळं घर तुमचा तोल बघायला उभं. त्यात माझा कुठे मांडू?"

"उद्यापासून चहा वर आणायचा नाही."

"मग काय खालून हाका मारू? तुम्हाला हाक ऐकू येते तोवर चहाची बर्फी होते. मी आणणार."

त्या आणणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कवायतबाईंनी ठरवलेली गोष्ट फक्त घंटा झाल्यावर थांबते. काका सोनाराच्या काट्याच्या सुईकडे बघत उभे राहिले. सुई अजून हलत होती. ती शून्यावर येईपर्यंत त्यांनी कधी कुठला निर्णय घेतला नव्हता, तेव्हा सगळे थांबले. ती थांबली.

"टेबल खाली घ्या," काका म्हणाले.

"अहो बाबा, डॉक्टर आत्ता हो म्हणाले ना!" सूनबाईंना हरलेली बाजी अशी परत मिळाल्याचं दुःखच झालं.

"ते माझ्याबद्दल हो म्हणाले."

"उगाच माझ्यापायी नको," कवायतबाई म्हणाल्या. "खाली ते मशीन घुसळत बसणार, तुमची सुई थांबायची नाही आणि मग तुम्ही दिवसभर माझ्या मागे. मी कोण, तुमचा पासंग?"

"पासंग नसला की काटा खोटा," काका म्हणाले, आणि आपण प्रेमाचं काहीतरी बोलून गेलो हे लक्षात येऊन त्यांनी घाईघाईने पारडं पुन्हा पुसायला घेतलं.

 कुणालाच काही सुचत नव्हतं. म्हणजे निर्णय झालेला नव्हता, आणि असा प्रसंग या घरात पूर्वी आला नव्हता.

"मी काय म्हणतो," मुलगा म्हणाला.

कुणीही मध्ये बोललं नाही. त्याने आजूबाजूला पाहिलं. समोर वाक्याचा उरलेला भाग मोकळ्या मैदानासारखा पसरलेला होता आणि तिथे तो कधी गेला नव्हता.

"मशीनच वर नेऊ," तो म्हणाला. "कपडे मी धुईन."

सूनबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

पुढच्या रविवारी अदलाबदल झाली. टेबल खाली उतरवताना त्याच्या डाव्या पायांखालून लाकडाच्या दोन पाचरी निघाल्या, वयाने मुलाएवढ्या. काकांनी खोलीत कारखाना थाटला त्या पहिल्याच दिवशी सिद्धांताप्रमाणे टेबल बघितलं होतं, आखूड वाटलेल्या पायांखाली पाचरी ठोकल्या होत्या आणि विसरून गेले होते. टेबलाचे पाय आखूड नव्हते. पण टेबलाखाली आणखी काही असतं, इथपर्यंत सिद्धांत पोचत नव्हता. पाचरींमुळे काटे मात्र सगळे अचूक निघाले. काट्याच्या चुकीपायी तोंड पाडून एकही गिऱ्हाईक परत आलं नाही.

मशीन वर बसलं. मुलाने मोठ्या उमेदीने पहिलं धुणं लावलं. पिळायची वेळ आली तशी मशीनने अंग झाडलं, पाऊल उचललं आणि खोली ओलांडून डाव्या कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं. जाताना प्लगही सोबत नेला. पुन्हा मधोमध आणलं, पुन्हा डावीकडे गेलं. शेवटी मशीन बसवणारा आला. त्याने खिशातून पाणसळ काढून फरशीवर ठेवली, बुडबुड्याकडे बघितलं आणि नाक खाजवलं.

"ही खोली डावीकडे उतरलीय हो. चांगलीच. इथे आधी काय होतं?"

"काटे," मुलगा म्हणाला.

"वजनाचे? इथे?" तो माणूस बराच वेळ हसला.

खालून काकांचा आवाज आला, "काय म्हणतोय तो?"

सूनबाई जिन्याच्या तोंडाशी आल्या. कधी ना कधी हे आपल्याच तोंडाने सांगावं लागणार, हे त्यांनी ओळखलं. "बाबा," त्या म्हणाल्या, "ती म्हण आहे ना... ती मी मागे घेते."

जन्मभर माणूस जर रोज दुपारपासून डावीकडे उतरत्या जमिनीवर उभा राहिला, तर सकाळी सपाट जमिनीवर त्याचं काय होत असेल, हे फिजिओला विचारून पाहिलं. तो म्हणाला, असं पुस्तकात कुठे नाही. काकांच्या झुकण्यात वयाचा वाटा किती, सकाळचा किती आणि फरशीचा किती, हे तोलून सांगणारा काटा अजून निघालेला नाही. निघाला, तर बिघडल्यावर काकांकडेच येईल.

सबब, वरील वर्णनात खालीलप्रमाणे दुरुस्ती करण्यात येत आहे. सदर इसम सध्या तळमजल्यावर काम करतो. काम करतेवेळी डाव्या पायाखाली पाचर घेतो. पाचरी दोन असून दुसरी हरवल्यास पहिली उपलब्ध आहे. सकाळी फ्रिजच्या बाजूने पत्नी चालते व इसमास फ्रिजला भेटू देत नाही. संध्याकाळी इसम पत्नीच्या बाजूने चालतो व चहा स्वतः नेतो. कप भरलेला आढळतो. झुकाव उभे राहण्याच्या जागेत असल्याचे इसमाचे म्हणणे यापूर्वी पुराव्याअभावी फेटाळण्यात आले होते.

अंगण वाकडं होतं.